सावलीतले रंग

सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या मागल्या अंगणात ऊन येत असे ते सकाळी तासभर. त्यानंतर दोन्हीकडच्या उंच भिंती ते अडवीत. त्या तासाभराच्या उन्हावर आईची तुळस आणि गुलबक्षी जगत, आणि उरलेली सगळी ओलसर जागा मोरीच्या पाण्यावर पोसलेल्या अळूची. झाड पाहायचे ते फुलासाठी, आणि फूल यायचे ते उन्हात. सावलीत लावायचे ते फदफद्याच्या सोयीसाठी, अशी बागेची सरळ वाटणी होती. केवळ पानांकडे पाहत बसावे म्हणून सावलीत एखादे झाड लावावे, हे आमच्या घरात कोणाला सुचले नसते, आणि सुचले असते तरी बोलून दाखवायचा धीर झाला नसता.

पुढे चौतीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला. जपानचा धडा आला की, १८५३ साली कमोडोर पेरीची जहाजे आली आणि दोन शतके बंद असलेले दार उघडले, एवढ्या एका वाक्यात आम्ही तो देश उरकून टाकीत असू. त्या बंद दारालाही एक फट होती आणि त्या फटीतून काही झाडे बाहेर गेली, हे मला निवृत्त झाल्यावर, तेही अमेरिकेत लेकीच्या परसात उकिडवे बसून माती उकरताना समजले. या लेखाचा उगम तो.

पत्नी गेल्याला दोन वर्षे झाली तेव्हा मुलीने मला सहा महिन्यांसाठी आपल्याकडे बोलावून घेतले. ती कनेक्टिकट राज्यात राहते. घराच्या उत्तरेला एक जुना मेपल वृक्ष आहे. त्याची सावली इतकी दाट की खाली गवतही धड उगवत नाही. मुलगी आणि जावई सकाळी कामाला जात, नात शाळेत जाई, आणि मी त्या उजाड मातीकडे पाहत खिडकीशी बसून राही. "बाबा, आता इकडेच राहा ना," असे मुलगी दोन-चार दिवसांआड म्हणे. मी हूं म्हणत असे. त्या हूंचा अर्थ तिलाही ठाऊक होता आणि मलाही.

शेजारी ऐंशीच्या पुढच्या एक बाई एकट्या राहत. माझे असे खिडकीशी बसणे त्यांनी पाहिले असावे. मे महिन्यात एका सकाळी त्या फावडे घेऊन आल्या आणि मला खुणेनेच आपल्या कुंपणापाशी घेऊन गेल्या. तिथे एका झाडाच्या बुंध्याभोवती वीतभर उंचीच्या पानांचे गच्च ठोंब होते. पान नागमोडी, कडा हिरव्या आणि मधोमध दुधासारखा पांढरा पट्टा. बाईंनी फावडे ठोंबाच्या मध्यावर टेकवले, पाय दिला, आणि खरवसाची वडी कापावी तसा त्याचा चौथा हिस्सा कापून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात ठेवला. हे त्यांना सासूने दिले होते आणि सासूने ते आपल्या माहेराहून आणले होते. झाडाचे नाव होस्टा. सावलीतच लावा, पाणी द्या, आणि पुढल्या पाच वर्षांत कोणाला तरी यातले द्या, एवढ्या तीन सूचना त्यांनी केल्या. तिसरी ऐकून मी जरा चपापलो. दुसऱ्याला देणे हा मशागतीचा भाग असतो हे मी प्रथमच ऐकत होतो.

जन्मभर सनावळ्या शिकवलेल्या माणसाला कोणी काही दिले की ते आले कोठून हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. गावातले ग्रंथालय चांगले होते आणि माझ्याजवळ वेळच वेळ होता.

होस्टा मूळची पूर्वेकडची. जपान, चीन आणि कोरिया हे तिचे माहेर. जपानी लोक तिला गिबोशी म्हणतात. त्यांच्या जुन्या पुलांच्या कठड्यांवर खांबाच्या टोकाला कांद्याच्या आकाराचा धातूचा कळस असतो, त्याचे हे नाव. झाडाची कळी तशी दिसते म्हणून ते झाडाला मिळाले. उत्तरेकडच्या डोंगराळ भागात वसंतात तिचे कोवळे कोंब खुडून त्यांची भाजी करतात. हे वाचले तेव्हा मला आमच्या मोरीपाशचा अळू आठवला. जगात सावलीतली पाने प्रथम भाजीसाठीच ओळखीची झालेली दिसतात. त्यांच्याकडे नुसते पाहत बसण्याची चैन मागाहून येते.

ती चैन जपानात फार लवकर आली. एदो, म्हणजे आजचे टोकियो, हे दाट वस्तीचे शहर होते. घरामागची जागा लहान, आणि तिच्यावर छपरांची सावली. अशा जागी उन्हाची हौस करण्यापेक्षा सावलीत जे नांदेल त्यातच रंग शोधणे त्यांनी पसंत केले. एखाद्या झाडाला पांढऱ्या वा पिवळ्या रेघेचे पान आले की ते वेगळे काढायचे, कुंडीत जपायचे, नाव द्यायचे, आणि प्रसंगी त्यासाठी मोठी रक्कमही मोजायची. १८२७ साली किंता नावाच्या माळ्याने अशा नवलाईच्या झाडांचे एक सचित्र पुस्तक काढले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८२९ मध्ये, मिझुनो नावाच्या एका सरदाराने सात भागांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात चित्रविचित्र पानांची सुमारे हजार झाडे आहेत. ग्रंथाच्या नावाचा अर्थ साधारण 'भरजरी पानांचा संग्रह' असा होतो. पैठणीच्या पदराला लावावे ते विशेषण त्यांनी पानाला लावले. १८२९ हे साल वाचकांनी लक्षात ठेवावे. ते पुन्हा यायचे आहे.

या देशात परकीयांना मज्जाव होता. अपवाद चिनी व्यापाऱ्यांचा आणि डचांचा. डचांना राहायला दिले होते नागासाकीच्या बंदरात भर घालून केलेले देजिमा नावाचे एक बेट. पंख्याच्या आकाराचे आणि लहानसे. एका छोट्या पुलाने ते किनाऱ्याला जोडलेले, आणि पुलावर पहारा. १६४१ पासून दोन शतकांहून अधिक काळ युरोपचा जपानशी जो काही व्यवहार झाला तो या एवढ्याशा जमिनीवरून. डच कंपनी आपल्या माणसांसाठी तिथे एक डॉक्टर ठेवी, आणि त्या काळचा डॉक्टर म्हणजे अर्धा वनस्पतिशास्त्रज्ञच. होस्टाचा इतिहास अशा तीन डॉक्टरांचा इतिहास आहे. गंमत अशी की डचांच्या चाकरीतल्या या तिघांपैकी डच एकही नव्हता.

पहिला जर्मन, एंगेलबर्ट केम्फर. तो तिथे १६९० ते १६९२ अशी दोन वर्षे होता. १७१२ साली छापलेल्या त्याच्या ग्रंथात या झाडाची जपानी नावानिशी नोंद आहे. युरोपला तिची झालेली ही पहिली ओळख. दुसरा स्वीडिश, लिनीयसचा शिष्य कार्ल थुनबर्ग. १७७५ साली तो देजिमावर उतरला. बेट सोडायची परवानगी मिळेपर्यंत, बेटावरच्या जनावरांसाठी किनाऱ्यावरून जो चारा येई तो उपसून त्यातली झाडे तो अभ्यासत असे. बंद दाराच्या फटीतून जे आत येईल त्यावर विद्या करायची, ही जिद्द पाहून मास्तराला संतोष झाल्यावाचून राहत नाही. १७८४ साली त्याचा जपानी वनस्पतींवरचा ग्रंथ निघाला. तोपर्यंत होस्टा युरोपात कागदावरच होती. जिवंत झाड प्रथम गेले ते चीनमधून, अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसला. आणि ते साध्या हिरव्या पानाचे, सुगंधी पांढऱ्या फुलाचे होते. भरजरी पाने अजून जपानातच होती.

ती बाहेर नेणारा तिसरा डॉक्टर म्हणजे फिलिप फ्रान्झ फॉन सीबोल्ट. जन्म १७९६, जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्ग शहरी. १८२३ च्या ऑगस्टमध्ये तो देजिमावर आला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. त्याचा हातगुण लौकरच नागासाकीत प्रसिद्ध झाला, आणि पुढल्याच वर्षी शहराबाहेर नारुताकी येथे त्याला शाळा काढायची परवानगी मिळाली. जपानच्या कानाकोपऱ्यांतून तरुण वैद्य तिथे शिकायला येत. गुरुदक्षिणा म्हणून ते आपल्या देशाविषयी डच भाषेत निबंध लिहून देत आणि झाडे, बिया, वस्तू आणून देत. देजिमावर त्याने बाग केली, आणि त्या बागेत आपल्या आधीच्या दोघांच्या, केम्फर आणि थुनबर्गच्या, स्मरणार्थ एक शिळा उभी केली. ती आजही आहे. पूर्वसूरींचे ऋण दगडावर कोरून ठेवणारा हा माणूस मला त्या एका गोष्टीसाठीच आवडला.

नागासाकीतच त्याने कुसुमोतो ताकी नावाच्या तरुणीबरोबर संसार मांडला. परकीयाला जपानी स्त्रीशी रीतसर लग्न करता येत नसे, तेव्हा हा संसार कायद्याच्या कडेकडेनेच चाललेला. १८२७ साली त्यांना मुलगी झाली. तिचे नाव इने.

१८२६ मध्ये डच शिष्टमंडळाबरोबर सीबोल्ट एदोला गेला होता. तिथे दरबारी ज्योतिषी ताकाहाशी कागेयासु याच्याशी त्याची मैत्री झाली आणि त्याच्याकडून त्याने जपानचे नकाशे मिळवले. देशाचा नकाशा परकीयाच्या हाती देणे हा तिथे राजद्रोह होता. १८२८ साली ही गोष्ट फुटली. चौकशी सुरू झाली, ताकाहाशी कैदेतच मेला, सीबोल्टचे अनेक शिष्य आणि मित्र पकडले गेले. खुद्द सीबोल्टला १८२९ च्या ऑक्टोबरात शिक्षा सुनावली गेली: देशातून हकालपट्टी, पुन्हा पाऊल ठेवायचे नाही. वर्षाच्या अगदी अखेरीस तो जहाजावर चढला. ज्या साली एदोमध्ये भरजरी पानांचा ग्रंथ निघाला त्याच साली ही पाने जपानबाहेर चालली होती.

जहाजावर त्याने शेकडो झाडे नेली. ताकी आणि अडीच वर्षांची इने मागे राहिली. जपानी माणसाला देश सोडण्याची मुभा नव्हती. झाडांना कोणी अडवले नाही, लेकराला मात्र नेता आले नाही. ग्रंथालयात हे वाचले त्या दिवशी मी पुढचे पान उलटले नाही. घरी आलो तेव्हा मुलीने विचारले, "बाबा, बरं नाही का वाटत?" मी म्हटले, "इतिहास वाचत होतो." तिला ते पुरेसे वाटले नसावे, पण चहा ठेवायला ती आत गेली.

या झाडांची कथा इथे संपत नाही. १८३० च्या जुलैत सीबोल्ट युरोपच्या किनाऱ्याला लागला. त्या वेळी हॉलंड आणि बेल्जियम यांचे एकच राज्य होते. झाडे गेंट शहरातल्या वनस्पतिबागेत लावली गेली, आणि ऑगस्टमध्ये ब्रुसेल्सला उठाव झाला. बेल्जियम वेगळा निघाला, सीबोल्ट लायडनला गेला, आणि झाडे परक्या झालेल्या देशात राहिली. गेंटच्या माळ्यांनी ती वाढवली, विकली, आणि युरोपभर केली. त्यांतली थोडी सीबोल्टला काही वर्षांनी परत मिळाली. लायडनजवळ त्याने स्वतःची रोपवाटिका काढली आणि जपानहून पुन्हा झाडे मागवून युरोपच्या बागांना पुरवली. निळसर, भल्या थोरल्या पानांची जी होस्टा आज जगभर दिसते, तिच्या शास्त्रीय नावात त्याचे नाव आहे. जपानच्या एका हायड्रेंजियाला मात्र त्याने 'ओताक्सा' असे नाव दिले. ते 'ओ-ताकी-सान' म्हणजे आपल्या ताकीबाई. शास्त्रज्ञांनी पुढे ते नाव बाजूला ठेवले. लोकांनी ठेवले नाही.

जपानचे दार उघडल्यावर त्याच्यावरची बंदी उठली आणि १८५९ साली, तीस वर्षांनी, तो नागासाकीला परत आला. बरोबर युरोपात झालेल्या लग्नाचा तेरा वर्षांचा मुलगा होता. ताकीचेही मधल्या काळात दुसरे लग्न झाले होते. इने बत्तीस वर्षांची होती. बापाच्या शिष्यांनीच तिला शिकवले होते आणि ती स्त्रियांची डॉक्टर झाली होती. पाश्चात्त्य वैद्यक शिकून व्यवसाय करणारी पहिली जपानी स्त्री म्हणून तिचे नाव घेतात. १८७३ साली सम्राटाच्या घराण्यातल्या एका बाळंतपणासाठी तिला बोलावणे आले. ते पाहायला सीबोल्ट नव्हता. तो १८६६ मध्ये म्युनिचला वारला. बापाने झाडे नेली आणि विद्या ठेवली, दोन्ही रुजल्या. एवढ्यावर समाधान मानावे की नाही, हे इनेला विचारायला हवे होते.

माझ्याजवळची नागमोडी पानांची होस्टा सीबोल्टने आणलेल्या झाडांपैकीच असावी असे जाणकार मानतात. १८३३ साली बर्लिनमध्ये तिचे वर्णन छापले गेले. ही रानात कोठे सापडत नाही. कोणा जपानी बागेतच तिचा जन्म झाला असला पाहिजे. शिवाय ती वांझ आहे. फुले येतात, बी धरत नाही. म्हणजे त्या पहिल्या ठोंबापासून शेजारच्या बाईंच्या ठोंबापर्यंत ही सबंध परंपरा केवळ फावड्याने कापून आणि हातातून हातात देऊन चालत आली आहे. मधे एक पिढी जरी कंटाळली असती तरी त्या शाखेपुरता वंश बुडाला असता. बाईंच्या तिसऱ्या सूचनेचा अर्थ मला आता कळला.

बी धरणाऱ्या होस्टांचीही तीच कथा. रंगीत काठाच्या झाडाचे बी पेरले तर रोपे साधी, एकरंगी निघतात. असे का, याचा उलगडा १९०९ साली दोन जर्मन शास्त्रज्ञांनी केला. एर्विन बाउर यांनी पांढऱ्या काठाच्या जिरेनियमवर प्रयोग करून दाखवले की अशा झाडात दोन निरनिराळ्या पेशींचे थर एकावर एक नांदत असतात. पुरणपोळीत पुरण वेगळे आणि पारी वेगळी, तसे. माझ्या होस्टात पुरण पांढरे आणि पारी हिरवी आहे. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नाही, म्हणून तो अन्न तयार करू शकत नाही. हिरवी कड स्वतःचे आणि त्याचे असे दोघांचे पोट भरते. बी बहुधा एकाच थरातून धरते, तेव्हा त्यात ही जोडी उतरणार कशी?

दुसरे कार्ल कोरेन्स. मेंडेलचे विस्मरणात गेलेले नियम १९०० साली ज्यांनी पुन्हा उजेडात आणले त्यांच्यापैकी ते एक. त्यांनी प्रयोगाला घेतले होते ते झाड पाहून मी खुर्चीत सरळ बसलो: ती आमच्या अंगणातली गुलबक्षी होती! अर्थात चित्रित पानांचा तिचा एक प्रकार. या प्रकारात एकाच झाडाला काही फांद्या हिरव्या, काही पांढऱ्या, काही दोन्ही रंगांच्या येतात. कोरेन्स यांना आढळले की पराग कोणत्याही फांदीचा घाला, रोपाच्या पानाचा रंग ठरतो तो ज्या फांदीवर बी धरले तिच्यावरून. हिरव्या फांदीची रोपे हिरवी, पांढरीची पांढरी आणि म्हणून अल्पायुषी, मिश्र फांदीची तिन्ही तऱ्हांची. बापाचे इथे काही चालत नाही. पानाचा रंग येतो तो केवळ आईकडून. माझ्या आईने आयुष्यभर गुलबक्षीला पाणी घातले, तिला हे सांगितले असते तर, "त्यात नवल ते काय?" असेच ती म्हणाली असती.

नावाच्या बाबतीतही या झाडाने बरेच सोसले. १८१२ साली ट्राटिनिक याने ऑस्ट्रियाच्या सम्राटाचे वैद्य होस्ट यांच्या सन्मानार्थ तिला होस्टा म्हटले. ते नाव आधीच दुसऱ्या झाडाला दिलेले निघाले, म्हणून १८१७ मध्ये श्प्रेंगेल याने फुंकिया केले. जवळजवळ शतकभर बागांतून फुंकियाच चालले. इंग्लंडच्या गर्ट्रूड जीकिल बाईंनी आपल्या बागेच्या सावलीत ती आवडीने लावली ती याच नावाने. शेवटी १९०५ साली व्हिएन्नाच्या परिषदेने होस्टा हेच नाव कायम केले.

अमेरिकेत तिची भर पडली ती टॉमस हॉग याच्यामुळे. १८६२ साली तो सरकारी कामावर जपानला गेला आणि तिथून न्यूयॉर्कला भावाच्या रोपवाटिकेत झाडे धाडू लागला. आणि मुलीच्या घरापासून फार दूर नाही अशा ब्रिस्टल गावी, १९३६ साली, एका रोपवाटिकेत निळसर होस्टांच्या रांगेत फ्रान्सिस विल्यम्स या बाईंना एकच रोप पिवळ्या काठाचे दिसले. रांगेतल्या इतर रोपांसारखे नाही म्हणून ते कोणी उपटून टाकले असते. बाईंनी ते घरी नेले. आज त्यांच्याच नावाने ते जगभर लावले जाते. १९६८ मध्ये अमेरिकेत या झाडाच्या शौकिनांची संस्था स्थापन झाली आणि आता नोंदलेले प्रकार हजारांनी मोजावे लागतात. या हौसेने एकदा ठेचही खाल्ली. काही झाडांच्या पानांवर शिरांच्या बाजूने नवीच नक्षी उमटली आणि लोकांनी ती नवा वाण म्हणून कौतुकाने विकत घेतली. १९९६ साली मिनेसोटात उघड झाले की ही नक्षी म्हणजे एका विषाणूचा रोग आहे आणि तो कापणाऱ्या सुरीवाटे झाडाझाडांत पसरतो. तेव्हापासून वाटणी करताना दर ठोंबाला हत्यार धुऊन घेतात. देण्याघेण्यालाही स्वच्छ हात लागतात.

त्या सहा महिन्यांत मी जे शिकलो तेही इथे सांगून टाकतो. सावलीचे झाड म्हणजे काळोखातले नव्हे. सकाळचे कोवळे ऊन होस्टाला मानवते, दुपारचे पान करपवते. पांढरा भाग आधी जळतो. निळ्या पानाचा निळेपणा हा वरच्या मेणाच्या थराचा आहे, तो कडक उन्हात उतरतो, म्हणून निळी दाट सावलीत लावावी. पिवळीला थोडा अधिक उजेड द्यावा. मेपलची मुळे वरच्यावर पसरून सगळे पाणी पिऊन टाकतात, तेव्हा खड्डा रुंद घ्यावा, कुजलेला पाला भरपूर घालावा आणि पाणी द्यायला चुकू नये. गोगलगाई रात्री पानांची चाळण करतात आणि हरणे एका रात्रीत ताट चाटूनपुसून जातात. पहिली दोन-तीन वर्षे झाड बेतासबात दिसते. खरे रूप चार-पाच वर्षांनी येते. घाई असणाऱ्याने सावलीत बाग करू नये.

ऑक्टोबरात निघायची वेळ आली तेव्हा एक ठोंब पुण्याला न्यावा असे मनात आले. परदेशातून रोप आणायला परवाना लागतो, झाड निरोगी असल्याचा दाखला लागतो. ती खटपटही केली असती. पण होस्टाला दर वर्षी काही आठवड्यांची कडक थंडी लागते. पाने गळून जावी, झाड जमिनीखाली झोपावे, तरच वसंतात नवे कोंब जोमाने येतात. आपल्या पुण्याच्या हिवाळ्यात स्वेटर घालणे ही आपली हौस. होस्टाला ती थंडी वाटायची नाही. एक-दोन वर्षे कुढत काढून ती संपली असती. काही झाडे जिथे रुजली तिथेच नांदतात, आणि त्यांना भेटायला आपणच जायचे असते. मुलीला मी एवढेच म्हटले, "हिला इथेच राहू दे." ती झाडाकडे पाहत राहिली. म्हणाली, "आणि तुम्ही?" मी म्हटले, "मला पुण्याचं ऊन लागतं." ती हसली, पण त्यानंतर इकडेच राहा असे ती पुन्हा म्हणाली नाही.

नोव्हेंबरात तिचा फोन आला. आवाज पडलेला होता. "बाबा, तुमचं झाड गेलं. सगळी पानं पिवळी पडून चिखल झालाय." मी म्हटले, "गेलं नाही, झोपलंय. मेपर्यंत हात लावू नकोस." तिचा विश्वास बसला नसावा. मेच्या पहिल्या आठवड्यात तिने फोटो धाडला: काळ्या मातीतून वर आलेले भाल्याच्या फाळासारखे सात कोंब. मी पुण्यात तो फोटो शेजाऱ्यांना दाखवीत हिंडलो.

जूनमध्ये पुन्हा फोन. या वेळी तिच्या बोलण्यात माळ्याचा सूर होता. सात कोंबांपैकी सहा नेहमीसारखे, पण सातव्याची पाने नुसतीच हिरवी निघाली होती, पांढऱ्याचा मागमूस नाही. या होस्टात असे होते. बाहेरचा हिरवा थर आतही शिरतो, तो कोंब अधिक जोमाने वाढतो, आणि लक्ष दिले नाही तर काही वर्षांत सगळे ठोंब हिरवे होऊन जाते. पांढरा पट्टा टिकवायचा तर हिरवा कोंब वेळीच मुळासकट काढावा लागतो. दोनशे वर्षे कोणी ना कोणी तो काढीत आला, म्हणून पट्टा आपल्यापर्यंत पोहोचला.

"काढू का, बाबा?"

"काढ," मी म्हटले. "आधी फावडं धुऊन घे. आणि तो कोंब टाकू नकोस. मेपलच्या पलीकडे जागा आहे ना, तिथे लाव."

मागून नातीचा आवाज आला. ती मराठीत विचारत होती की तो मी लावू का.